वाचलं का रे लेकरू?

लातूरहून अंबाजोगाईला जाणाऱ्या एसटीत अगदी मागचा लांब बाक मिळाला की कंबर देवाच्या हवाली करून बसावं लागतं. त्या दिवशी तोच मिळाला. खिडकीशी एक कॉलेजातला पोरगा, मग एक म्हातारी, मग मी. म्हातारीच्या मांडीवर वायरची पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती आणि सगळ्या बाकावर तिचा ओला वास पसरला होता. पोरगा मोबाइलवर रील बघत होता आणि म्हातारी त्याच्या मोबाइलमध्ये बघत होती. चोरून नाही, चांगली मान वळवून. मीही बघत होतेच, पण शिकलेल्या माणसासारखी, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. एक रील आलं. कुठल्यातरी रस्त्यावरच्या सीसीटीव्हीतलं, करड्या रंगाचं. एक लहान लेकरू दुकानाच्या पायरीवरून उतरून रस्त्यावर धावतं, उजवीकडून टेम्पो येतो आणि तेवढ्यात चित्र थांबून खाली कसलीतरी अक्षरं उमटतात. म्हातारीनं पदर तोंडाशी नेला. "अगं बाई गं!" पोराचा अंगठा वर सरकला. पुढं एक जोडपं नाचत होतं, मग कुणीतरी तव्यावर लोण्याचा गोळा टाकला, मग एक माणूस बायकोवरचा विनोद सांगायला लागला. गाडी रेणापूर फाट्याचा गतिरोधक ओलांडून गेली. आम्ही तिघंही एकदम उडून बसलो आणि म्हातारीनं विचारलं, "वाचलं का रे लेकरू?"

पोरानं कानातली वायर काढली. "काय आजी?"

"ते लेकरू. गाडीखाली येतंय ते. वाचलं का?"

"कोणतं?"

त्याला खरंच आठवेना. त्याच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता, थट्टाही नव्हती. "आत्ता बघायलतास की," म्हातारी म्हणाली, आणि तो बिचारा तिच्याकडं असा बघत राहिला की जणू तीच दुसऱ्या कुठल्या गाडीतून उतरून या गाडीत आली होती. मग ती माझ्याकडं वळली. माझ्या खांद्याला पर्स, डोळ्यांना चष्मा. मला ठाऊक असणार असं तिला वाटलं असावं. "कुठल्या गावचं असंल ओ बाई?" मला काय माहीत. बर्दापूरला ती उतरली. उतरताना कंडक्टरला काहीतरी सांगत होती, बहुधा तेच.

ही गोष्ट काही फार मोठी नाही. पण तिचा तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आणि मुक्कामाला राहिला.

आमच्याकडं वाईट बातमी कधी सुटी येत नाही. 'गेला' एवढंच कुणी सांगत नाही. कुणाचा, कुठल्या गावचा, कुणाचा जावई, मोंढ्यात कुणाच्या आडतीवर होता, त्याच्या मागं किती लेकरं, हे सगळं त्या एका शब्दाबरोबर येतं. ऐकणारा ते विचारतो याला कारण आहे. उत्तरावर पुढचं काम ठरतं. मातीला कोण जाणार, घरी म्हशीपाशी कोण थांबणार, दिवसाला गेलं तरी चालेल का आजच निघायला पाहिजे. आणि कडू घास कुणी न्यायचा. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, सोयरे भाकरी घेऊन जातात. माझी आई असलं पिठलं करायची तेव्हा फोडणी हळूच द्यायची. तसा काही नियम नव्हता. पण मोहरीचा तडतडाट त्या दिवशी तिला बरा वाटत नसावा. भाकरी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या, एकावर एक रचून जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या. त्या घरी गेल्यावर बायका हेल काढून रडायच्या, गळ्यात पडायच्या, आणि मग त्यांच्यातलीच एखादी वयस्क बाई डोळे पुसून ताट घ्यायची. "खा बाई. लेकरांकडं बघून दोन घास खा." मी लहानपणी हे दारात उभं राहून पाहिलेलं आहे. एवढं रडून आलेली आई परतताना बैलगाडीत मला जोंधळ्याच्या कणसांविषयी सांगायची, या साली दाणा कसा भरलाय वगैरे. मला तेव्हा ते विचित्र वाटायचं. दुःख एवढ्या लवकर कसं संपलं? आता वाटतं, त्याला जागच्या जागी काम मिळालं होतं. पीठ मळण्यात, चालत जाण्यात, दुसरीच्या पाठीवर हात फिरवण्यात ते खर्ची पडलेलं असायचं.

बसमधल्या म्हातारीच्या मनात जे उसळलं त्याला असं काहीच काम नव्हतं. ते तिनं बर्दापूरला बरोबर उतरवून नेलं.

पोराचा चेहरा मला जास्त छळतो. अपघात, नाच, लोणी, विनोद, चारही वेळा तो चेहरा तोच होता. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकानं एक प्रयोग केला होता. एका नटाचा एकच निर्विकार चेहरा त्यानं तीन वेगवेगळ्या चित्रांना जोडला: सूपचं भांडं, शवपेटी, कोचावरची बाई. प्रेक्षकांनी नटाची वाहवा केली म्हणतात. काय ती भूक, काय ते दुःख, काय ती ओढ. नटाच्या चेहऱ्यावर तर काहीच नव्हतं. सगळं बघणाऱ्यांच्या मनानं त्यात भरलं होतं. सिनेमाच्या जोडकामाची सगळी ताकद या एका गमतीत आहे, असं सिनेमा शिकवणारे सांगतात. आता आमच्या बसमध्ये तोच प्रयोग उलटा चालला होता. चित्रं पडद्यावर आणि निर्विकार चेहरा पडद्याच्या अलीकडं. त्या चेहऱ्यात मी काय भरायचं? म्हातारीनं त्यात निष्काळजीपणा भरला असावा. मी आधी कीव भरली. मग लक्षात आलं की तेच रील मीही बघितलं होतं, माझाही चेहरा तसाच असणार, आणि कुणी माझ्याकडं बघितलं असतं तर त्यानं काय भरलं असतं कोण जाणे.

रात्री जेवणं उरकली की मीही बघते. कुठंतरी विहिरीतून कुत्र्याचं पिल्लू काढतात, माझ्या डोळ्यांत पाणी येतं. त्याच्या पुढच्या रीलमध्ये कुणी अनोळखी बाई सासूवर ओरडते, तिचा मला राग येतो. मग एक जण डोंगरावर एकटा चहा करून पितो, त्याचा हेवा वाटतो. मग नॉनस्टिक तवा. हे सगळं अर्ध्या तासात. सकाळी उठते तेव्हा मनात काहीतरी साचलेलं असतं. चिडचिड असते, पण कशाची ते सांगता येत नाही. ज्यामुळं राग आला ती बाई विसरले, राग तेवढा शिल्लक. तो मग दूध उतू जाऊ देणाऱ्यावर निघतो, पेपर उशिरा टाकणाऱ्यावर निघतो. माझ्या एका मैत्रिणीनं याला 'उधारीचा राग' असं नाव दिलंय. घेतो एकाकडून, फेडतो दुसऱ्याला.

आता कुणी म्हणेल, पडद्यावरचं बघून रडणं-हसणं हे काय आजचं आहे? खरंय. माणूस रडवणारं बघायला खुशीनं जातो, वर पैसेही मोजतो, हे कोडं फार जुनं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत आणि त्यात करुण आहे, भयानक आहे, बीभत्सही आहे. काश्मीरच्या अभिनवगुप्तानं हजार वर्षांपूर्वी त्याचा उलगडा करताना जे म्हटलं ते मला कॉलेजात असताना नुसतं परीक्षेपुरतं पाठ होतं: रंगमंचावरचं दुःख माझं नसतं, शत्रूचं नसतं, परक्याचंही नसतं, ते कुणा एकाचं राहत नाही, म्हणूनच त्याची चव घेता येते. म्हणजे म्हातारीच्या प्रश्नाच्या बरोबर उलट. नाटकात गाव विचारायचं नसतं. विचारलं की रस गेला.

मग मी म्हातारीच्या बाजूची का?

बराच विचार केल्यावर मला वाटतं, उंबरठ्याचा फरक आहे. नाटकाला नांदी असते. तमाशाला गण, मग गवळण, मग बतावणी आणि तेव्हा कुठं वग. कीर्तनकार नमन करतो, पूर्वरंग लावतो, माणसांना हळूहळू आत घेतो. आपण आता दुसऱ्या जगात शिरतोय हे बघणाऱ्याला कळतं, आणि बाहेर यायलाही वाट असते. आमच्या गावच्या सप्ताहात शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन व्हायचं. बायाबापड्या पदरानं डोळे टिपायच्या, गडी माणसंही टोपी पुढं ओढून घ्यायची, आणि मग हंडी फुटली की लाह्या-दह्याचा काला हातावर पडायचा. आंबट, थंड, बोटांना चिकटणारा. तो चाटत चाटत लोक घराकडं निघायचे ते हलके होऊन, एकमेकांना हाका मारत. सात दिवस जे मनात ढवळलं गेलं ते काल्यानं खाली बसायचं. रीलला ना नांदी, ना काला. त्यात खरं लेकरू आणि खोटा नाच एकाच दारानं आत येतात आणि एकाच अंगठ्यानं बाहेर जातात. खरं असेल तर मला गाव पाहिजे. खोटं असेल तर नांदी पाहिजे. दोन्ही नसलं की मनाला कळतच नाही, कुठल्या पायानं उभं राहावं.

टीव्ही नवा होता तेव्हा लोकांनी स्वतःच नांदी तयार केली होती, हे आठवलं की मला हसू येतं. १९८७ साली रामायण मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी साडेनऊला. आमच्या आळीत एकच टीव्ही, तोही ब्लॅक अँड व्हाइट, आणि तो ज्यांच्याकडं होता त्या काकांची ऐट पाटलाच्या वर. बायका अंघोळ करून यायच्या. टीव्हीच्या डोक्यावर फुलं, समोर उदबत्ती. चपला बाहेर. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची तयारी असायची, आणि अँटेना फिरवायला एक पोरगं कायम पत्र्यावर. "आलं का? आलं का?" "नाई, मुंग्या!" संपलं की काकू सगळ्यांच्या हातावर साखर ठेवायच्या. तेव्हाच्या शहाण्यांनी या भाबडेपणाची टिंगल केली. केलीही पाहिजे, एका परीनं. पडद्यावरच्या देवाला ओवाळणारा माणूस उद्या पडद्यावरच्या कुणालाही ओवाळेल, ही भीती अगदीच खोटी ठरली नाही. पण पत्र्यावरच्या पोरापासून साखरेपर्यंतचा तो सगळा खटाटोप म्हणजे उंबरठाच होता. बघून झाल्यावर लोक तासभर ओट्यावर बसून त्यावर बोलायचे. कैकेयीवर आळीतल्या बायकांचा जो राग होता तो तिथंच बोलून बोलून विरायचा. घरी न्यायला उरायचा नाही.

पडद्यावरचं दुःख कामाला लागलेलंही मी पाहिलंय. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बुडवून गाव दमून झोपलेलं. पहाटे चारच्या सुमाराला मांडणीवरची भांडी खणखणत खाली आली. आई देवाचं नाव घेत आम्हाला ओढत रस्त्यावर घेऊन गेली, सगळी आळी अंधारात उभी, कुत्री भुंकायलेली. काय झालं ते दिवस वर आल्यावर कळायला लागलं. भूकंप. किल्लारी, सास्तूर. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, झोपेतली माणसं त्याखाली. आणि मग टीव्हीवर ती चित्रं आली. मला आठवतंय ते एवढंच: ढिगाऱ्यातून बाहेर आलेला एक पाळण्याचा दांडा, आणि टीव्हीपुढं बसलेल्या बायकांपैकी एकजण उठून न बोलता घरी गेली. थोड्या वेळानं तिच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. मग शेजारच्या घरातून. मग सगळ्या आळीतून. संध्याकाळी पोत्यांत भाकरी भरून माणसं ट्रकमध्ये बसून गेली, त्यात माझे वडीलही होते. परत आल्यावर ते कित्येक दिवस काही बोलले नाहीत. पण तो त्यांचा भाग. चित्र त्या दिवशीही चौकटीतलंच होतं. पण खाली गावाचं नाव होतं आणि त्या गावाला जाणारा रस्ता होता. अख्ख्या देशातून माणसं आली ती ती चित्रं बघूनच.

आणि याच लातूर जिल्ह्यात त्यानंतर तेवीस वर्षांनी दुसरीच तऱ्हा बघितली.

२०१६ चा उन्हाळा मी लातुरात काढला. मांजरा धरण कोरडं, नळाला पाणी नाही, टँकरची वाट बघत रात्र काढायची. मार्चमध्ये तर पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावली. कपडे धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं संडासात, ही व्यवस्था आमच्या हाताला एवढी बसली होती की त्याचं दुःख करायला सवड नव्हती. मग १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटरच्या आसपास पाणी, आणि तिच्याबरोबर कॅमेरे. आमच्या गल्लीतही एक गाडी आली. माईकवाल्या मुलीनं शेजारच्या काकूंना विनंती केली, "तुमच्या घागरी जरा रांगेत ठेवता का? हो, रिकाम्या." काकूंनी भरलेल्या दोन आत नेऊन ठेवल्या, पदर सारखा केला आणि रांगेशी बसल्या. मुलगी वाईट नव्हती. तिनं काकूंना पाणी विचारलं, स्वतःच्या बाटलीतलं. रात्री आम्ही सगळ्या काकूंच्या घरी जमलो, बातमीत काकू दिसणार म्हणून. आधी भेगाळलेली जमीन दाखवली. ती आमच्या गल्लीतली नव्हती, लातूरची होती का तेही सांगता येणार नाही, पण दुष्काळ म्हटला की ती हटकून येते. मग सारंगीसारखं काहीतरी वाजायला लागलं आणि पडद्यावर हळू, अगदी हळू, काकूंचा चेहरा मोठा होत गेला. खोलीत हशा पिकला होता तो थांबला. सबंध उन्हाळ्यात डोक्यावर पाणी वाहून न रडलेल्या काकू स्वतःला बघून रडायला लागल्या. "एवढी गरीब दिसते का गं मी?"

घागरींचं ओझं त्यांना पेललं होतं. सारंगी पेलली नाही.

त्याच्या पुढच्या आठवड्यात काकूंनी टीव्ही लावून ठेवायचाच धंदा केला. तेच पाणी, त्याच भेगा, तीच रेल्वे. आमच्या नळाला जे होतं ते होतंच, पण आता घरातल्या खोलीतही दुष्काळ पडलेला. बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये २०१३ साली स्फोट झाले त्यानंतर अमेरिकेतल्या संशोधकांनी लोकांच्या मनावरचा ताण मोजला होता. स्फोटानंतरच्या आठवड्यात जे लोक रोज सहा किंवा जास्त तास त्याच्या बातम्या बघत-वाचत होते, त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष जागेवर असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. हे मी नंतर कधीतरी वाचलं तेव्हा मला काकूंची खोली आठवली. फरक एवढाच की काकू दोन्हीकडं होत्या, दुष्काळातही आणि दुष्काळाच्या बातमीतही. आणि त्यांच्या बोलण्यावरून सांगते, त्यांना बातमी जास्त जड गेली.

त्या पावसाळ्याच्या शेवटी मांजरा भरलं. लातूरकर धनेगावला, धरणावर, नुसतं पाणी बघायला गेले, लेकरंबाळं, भजी-भाकरी घेऊन. पाण्याला नमस्कार करणारी माणसं मी तेव्हा पाहिली. हे किती जणांनी टीव्हीवर पाहिलं असेल माहीत नाही, कारण पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याला त्याच दिवाळीत रूममेटनं काळजीनं विचारलं, "तुमच्याकडं अंघोळीला पाणी असतं का रे?" भाचा चिडला. पण मला जास्त लागलं ते पुढचं. एकदोन वर्षांनी त्यानं स्वतःच मोबाइलवर मराठवाड्याविषयी काहीतरी बनवलं, कॉलेजच्या स्पर्धेसाठी, आणि त्यात पहिलं चित्र काय असावं? भेगाळलेली जमीन. नेटवरून घेतलेली. म्हटलं, "अरे, आपल्या रानाचा फोटो टाकायचा की." तर म्हणतो, "आत्या, आपलं रान हिरवं आहे. मराठवाडा वाटणार नाही." स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं रान पडद्यापुढं हरलं. मूड जातो आणि येतो. हे असलं आत जाऊन बसलेलं कशानं निघायचं?

त्याला मग मी अजिंठ्याला घेऊन गेले, सुट्टीत. उपदेश म्हणून नाही, मलाच जायचं होतं. सोळाव्या लेण्यात ते चित्र आहे, मरणासन्न राजकन्या म्हणतात ते. बुद्धाच्या सावत्र भावानं, नंदानं, दीक्षा घेतली. त्याचा मुकुट घेऊन सेवक आलाय, आणि त्याची बायको सुंदरी ते कळून कोसळतेय. मान कललेली, बोटं सैल पडलेली, मागून एकजण तिला सावरतेय. रंग पुष्कळ उडालाय. आत अंधार, वटवाघळांचा वास, दगडाचा गारवा पायांतून वर चढणारा. आधी काही दिसतच नाही. डोळे सरावायला वेळ लागतो, मग एकेक माणूस भिंतीतून पुढं येतो. माझ्या लहानपणी गाइड लोक बाहेरून पत्र्यानं ऊन आत परतवायचे, आता मंद दिवे आहेत. भाचा आधी मोबाइल काढून उभा राहिला, फ्लॅशला बंदी म्हणून परत ठेवला. मग गाइडनं सांगितलं तो मुकुट शोधत बसला. सापडल्यावर म्हणाला, "म्हणजे हिला कुणी सांगितलं नाही, नुसता मुकुट दाखवला?" आणि बराच वेळ तिथंच उभा होता. दीड हजार वर्षांपूर्वी रंगवलेल्या बाईचं दुःख, पण तिचं नाव ठाऊक, नवऱ्याचं ठाऊक, काय झालं ते ठाऊक. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अंधारात दिसलं नाही. भरायला गेले नाही.

बसमधल्या पोराविषयी एक सांगायचं राहिलं. म्हातारी उतरल्यावर त्यानं वायर परत कानात घातली नाही. तो मागं मागं जायला लागला. विनोद, लोणी, नाच. ते सीसीटीव्हीवालं काही सापडेना. त्यानं बंद करून परत उघडलं तर सगळं नवंच आलं. "गेलं वाटतं," तो मला म्हणाला, पहिल्यांदाच माझ्याकडं बघून. "वाचलं असेल ना ओ? तसलं टाकतात ते बहुतेक वाचलेलंच असतं." मी हो म्हणाले. अंबाजोगाईच्या स्टँडवर उतरेपर्यंत तो खिडकीतून बाहेर बघत होता. तेव्हा तरी त्याचा चेहरा वेगळा होता.

आता मावशीचं सांगते, कारण तिच्यामुळं माझा सगळा हिशेब चुकतो. केज तालुक्यातल्या खेड्यात राहते. रोज संध्याकाळी तिच्या तीन मालिका ठरलेल्या. मी पूर्वी नाक मुरडायचे. पण भारतातल्या पाच राज्यांतल्या बायकांचा, खेड्यात केबल आल्याआधीचा आणि नंतरचा अभ्यास दोन अर्थतज्ज्ञांनी २००९ साली छापलाय, रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी. केबल आल्यावर नवऱ्यानं मारलं तर चालतं असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या आणि मुलगाच पाहिजे हा हट्टही कमी झाला, असं त्यांना दिसलं. मालिका तर तेव्हाही दागिने घालून झोपणाऱ्या बायकांच्याच होत्या. तरी हे झालं. मावशीनं केबल आल्यानंतरच्याच साली काकांपुढं बसून सांगितलं होतं, "माझ्या नावाचं पासबुक काढा." सासऱ्यांसमोर बाजेवर न बसणारी बाई. मालिकेमुळंच म्हणाली असं मी म्हणणार नाही. पण म्हणाली.

तर मागच्या महिन्यात तिच्या मालिकेतली थोरली सून वारली. नटीनं मालिका सोडली असणार, पण ते तुम्हा-आम्हाला. मावशी त्या रात्री जेवली नाही. मी नेमकी तिथंच होते. काका ताटावर बसून हसायला लागले, "मग आता कडू घास घेऊन कोण जाणार? त्या सिरियलवाल्यांचा पत्ता तरी विचारून ठेव."

मावशी भिंतीला टेकून बसली होती. तिथूनच म्हणाली, "पत्ता ठाऊक हाय मला. सासरचाबी आन् माहेरचाबी. तिच्या तिन्ही नणंदांची नावं सांगते, बसा. तुम्हाला तुमच्या सख्ख्या सुनेच्या आईचं नाव येतं का?"

काकांनी भाकरी मोडता मोडता आठवून बघितलं. मग रिमोट ओढून घेतला आणि बातम्या लावल्या.